इंताच्या झाडांना विष कुणी घातलं?

१

इंताच्या गांजाच्या झाडांची पानं पिवळी पडली. तीही ऐन फुलोऱ्यात. अशा वेळी शहाणा माणूस माती बघतो, पाणी बघतो, मुळं बघतो. इंता शहाणा असता तर मला हे सांगावंच लागलं नसतं. त्यानं गुन्हेगार शोधायला घेतला, आणि त्यासाठी त्याला फार लांब जावं लागलं नाही. घरात जावई होताच.

त्याची मुलगी रिन सकाळीच स्कूटरवरून माझ्या दारात आली. पोटुशी बाई, डोळे रडून सुजलेले.

"आचान, लवकर चला. बाबा विसानला घराबाहेर काढतायत. म्हणतात, त्यानंच झाडांना विष घातलं."

चियांग माईच्या आमच्या या टोकाला मला सगळे आचान म्हणतात, म्हणजे मास्तरीणबाई. शेतकी कॉलेजात मी आयुष्यभर माती शिकवली. निवृत्त झाल्यावर लोक मला विसरतील अशी आशा होती. पण सरकारनं घरी गांजा लावायला मोकळीक दिली, आणि ज्यांना दारातली तुळस जगवता येत नाही असले लोक पिवळी पानं पिशवीत घालून माझ्या दारात उभे राहू लागले.

गेले. इंता खांबांवरच्या त्या लाकडी घराच्या जिन्यात कमरेवर हात ठेवून उभा होता. शाळेत आम्ही एका वर्गात शिकलो. तेव्हाही असाच उभा राहायचा, आणि तेव्हाही त्याला उत्तर येत नसायचं.

"आलीस, फोंगसी? बघ, या ईसानच्या माणसानं काय करून ठेवलंय ते! जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर ठरलेला होता माझा."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात!"

सगळे म्हणजे त्याच्याबरोबर चहा ढोसणारे चार रिकामटेकडे.

विसान जिन्याच्या पायथ्याशी खाली मान घालून बसला होता. शेजारी त्याची भरलेली पिशवी. हा मुलगा ईशान्येकडचा, ईसानचा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्न करून बायकोच्या घरी राहायला आलेला. इंताला त्याची भाषा आवडत नाही, त्याच्या आंबवलेल्या माशांचा वास आवडत नाही, आणि तो उलट बोलत नाही हे तर मुळीच आवडत नाही.

रिननं मला बाजूला घेतलं. "बाबांनी पूर्वजांच्या फळीसमोर शब्द दिलाय, आचान. ज्यानं झाडं मारली, त्यानं आज सूर्य मावळल्यावर या घराचा जिना चढायचा नाही."

हे मात्र वाईट होतं. घरात पूर्वजांना पुजतात त्या फळीसमोर दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. मोडला तर घरातल्या पोराबाळांना भोवतो म्हणतात, आणि या घरातलं पोर अजून रिनच्या पोटात होतं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण रिनचा होता, विसानचा होता. एकुलती एक मुलगी म्हणून रिनला घर सोडता येत नव्हतं. म्हणजे संध्याकाळपर्यंत खरा प्रकार कळला नाही, तर हा मुलगा बस पकडून निघून जाणार आणि ते मूल बापाशिवाय जन्माला येणार. कशापायी, तर चार कुंड्यांपायी.

"इंता, संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना?"

"हवा तेवढा वेळ घे," तो मिशीत हसला. "माझ्याकडे साक्षीदार आहे."

२

कुंड्या घराच्या मागं होत्या. स्वयंपाकघराचा लाकडी सज्जा वर, आणि त्याच्या कडेच्या जरा बाहेर, ऊन मिळेल अशा बेतानं, घरापासून शेजारच्या भिंतीकडे जाणाऱ्या एका रांगेत त्या चार कुंड्या. आधी त्या लांब बांबूच्या बेटापाशी होत्या. फुलं धरू लागली तसा इंताला प्रत्येक येणारा-जाणारा चोर दिसायला लागला, म्हणून त्यानं त्या उचलून घराला चिकटवल्या. सज्ज्याखालच्या त्या पट्ट्यात गवताची एक काडी नव्हती.

तिथं इंताचा भाचा गोल्फ मोबाइलवर पानांचे फोटो काढत होता. शनिवार-रविवारचा कसलासा ऑनलाइन कोर्स करून हा स्वतःला पानांचा डॉक्टर म्हणवतो आणि रंगीत पाण्याच्या बाटल्या विकतो. शर्टावर भलंमोठं गांजाचं पान छापलेलं. लोकांना ओळख पटावी म्हणून असेल.

"आचान, साधी केस आहे," तो म्हणाला. "नायट्रोजन कमी पडलाय. फुलोऱ्यात पडतोच. मामांनी माझी मोठी बाटली घेतली असती तर ही वेळ आली नसती."

"बरं. झाड उपाशी पडलं की आधी कुठली पानं पिवळी होतात?"

"पानं... म्हणजे, जी अशक्त असतात ती."

"वरची की खालची?"

गोल्फनं झाडाकडे बघितलं, मग मोबाइलकडे. मोबाइलनंही साथ दिली नाही.

उपाशी झाड स्वतःची म्हातारी पानं मोडून खातं आणि त्यातलं सत्त्व वर फुलांकडे पाठवतं. म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. फुलोरा संपत आला की तो चढायलाच हवा, त्यात छाती पिटण्यासारखं काही नसतं. इथं सगळं उलटं होतं. खालची पानं हिरवीगार, आणि फुलांजवळची कोवळी पानं पिवळीजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. घराजवळची पहिली कुंडी सगळ्यात वाईट. पुढं पुढं रोग कमी होत गेलेला.

"गोल्फ, हे झाड उपाशी नाही. ताट पुढ्यात आहे, पण तोंड शिवून टाकलंय."

"म्हणजे विषच ना?"

"म्हणजे तू जरा गप्प बस."

मी खाली वाकले. मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता, किंचित गुलाबी. पानांच्या पाठी स्वच्छ होत्या, पण वरच्या अंगाला पांढरे थेंब वाळलेले. शेवटची कुंडी आणखीनच विचित्र. तिच्या मातीला आंबूस वास येत होता, पानांची टोकं करपली होती, आणि तरीही शेंड्याला एक नवं पान फुटलं होतं, ते चक्क हिरवं. चार झाडांत तेवढं एकच.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर एक डोकं उगवलं. "आचान! तिथं काय वास घेत बसलात? मी या डोळ्यांनी बघितलंय कुणी केलं ते!"

३

डोकं शेजारच्या सायपिनचं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजतं हे त्या त्या घरातल्या बाईच्या आधी सायपिनला कळतं. तिनंही गांजा लावला होता, तोही त्याच प्रदर्शनासाठी, आणि तिची झाडं अशी हिरवीकंच होती की इंताच्या पोटात दुखावं.

"पौर्णिमेच्या सकाळी," ती आवाज खाली आणून म्हणाली, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतपत. "सगळे विहारात गेले होते. हा जावई आला बाटली घेऊन. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ओतली त्या शेवटच्या कुंडीत. काय उग्र वास हो! मला इथं ठसका लागला. अ‍ॅसिड असणार."

"सगळे विहारात गेले, मग तुम्ही का नाही गेलात?"

"माझा गुडघा, आचान. पाऊल टाकवत नव्हतं."

"आणि या भिंतीवरून कसं बघितलंत?"

"स्टूल आहे ना माझं."

"पाऊल टाकवत नव्हतं, आणि स्टुलावर चढलात?"

सायपिनचं तोंड उघडंच राहिलं. मग तिला राग आला. "मी कशाला करू? माझी झाडं काही कमी चांगली नाहीत! माणसाचं मन साफ असलं की झाडं वाढतात."

मनाचं ठाऊक नाही, पण तिची भिंत शेवटच्या कुंडीला लागून होती आणि शेवटचीच कुंडी त्यातल्या त्यात बरी होती. भिंतीवरून काही फेकलं असतं, तर आधी ती मेली असती. मी तिला तसं सांगितलं नाही. जरा घाबरू दे म्हटलं.

"फक्त त्या एका कुंडीत ओतली?"

"एकाच. मग मला शिंक आली आणि तो पळाला."

मी परत जिन्यापाशी आले आणि विसानच्या पिशवीत हात घातला. कपड्यांच्या खाली, अगदी तळाशी, अर्धी रिकामी बाटली होती.

४

"सापडलं! विष सापडलं!" इंता जिन्यातच नाचायला लागला. "बघितलंस? मी म्हणालो नव्हतो?"

मी झाकण उघडलं, वास घेतला आणि बोट बुडवून चाटलं. रिन किंचाळली. गोल्फनं मोबाइल वर धरला, मी मरते की काय ते टिपायला.

"व्हिनेगर आहे, इंता. तुझी बायको काकडीवर घालते तेच."

"व्हिनेगरनंही झाड मरतं!" गोल्फ म्हणाला.

"तुझ्या बाटल्यांनीही मरतं. विसान, इकडे बघ. हे कुंडीत का ओतलंस?"

विसान पिशवीचा बंद आवळत बसला.

"झाड मारायचं होतं?"

"नाही, आचान."

"मग वाचवायचं होतं? कुणापासून?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. पण माझ्याकडे नाही बघितलं. क्षणभर वर, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मान पुन्हा खाली. "मला काही ठाऊक नाही. मी जातो. रिनला उगाच त्रास नको."

"तू महामूर्ख आहेस," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. खोटं बोलायचं तर माणसानं निदान नीट बोलावं.

तेवढ्यात इंताची बायको बुआफान तळलेल्या केळ्यांचं ताट घेऊन खाली आली. बाजारात हिची तळलेली केळी घ्यायला रांग लागते. लोक दुसऱ्या गाड्यावर फुकट दिली तरी घेत नाहीत. घरात एवढा तमाशा चाललेला असताना हिनं तळण काढलं होतं, कारण पाहुणी आली होती आणि दुसरं काय करावं तिला सुचत नव्हतं.

"घ्या, आचान. गरम आहेत." मग ती जावयाकडे वळली. आवाज फाटला तिचा. "तूही खा रे. लांबचा प्रवास आहे."

"त्याला काही नको!" इंता ओरडला.

तिनं ऐकलं नाही. दोन केळी विसानच्या हातात कोंबली. तो ती हातात घेऊन बसला आणि टपटप रडायला लागला. मोठा बाप्या माणूस. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याला राहू द्यावं असंही वाटलं.

मी केळं खाल्लं. कुर्रर्र. असा आवाज की कुंपणापलीकडे सायपिनला ऐकू गेला असेल. दुसरा घास घेतला आणि चावता चावता थांबले.

"बुआफान, इतकी कुरकुरीत कशी होतात गं?"

"आईची रीत," ती कसनुसं हसली. "सगळ्यांना थोडीच सांगायची?"

"नको सांगूस. मला एक लिंबू दे, आणि सगळे मागं चला."

५

सगळे कुंड्यांपाशी जमले. सायपिन स्टुलावर होतीच. मी पहिल्या कुंडीतला तो गुलाबट पापुद्रा नखानं खरवडला, तळहातावर घेतला आणि वर लिंबू पिळलं.

तो फसफसून उठला.

"अरे बापरे," गोल्फ म्हणाला. "हे कसलं केमिकल?"

"विड्याला लावतात ते. चुना."

आमच्याकडे विड्याचा चुना हळद घालून गुलाबी करतात.

"चुना मातीत मुरत गेला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही," मी म्हणाले. "मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. हे आज-काल झालेलं नाही, रोज थोडं थोडं झालंय. आता हे थेंब बघा. पानांच्या वरच्या अंगाला आहेत, खालच्या अंगाला एकही नाही. उभ्या माणसानं कुंडीत बाटली ओतली तर ती मातीत पडते, फुलांवर थेंब उडत नाहीत. हे उंचावरून पडलंय. पहिली कुंडी घराजवळ, तिच्यावर सगळ्यात जास्त. शेवटची लांब, तिच्यावर कमी."

एकेकाची मान वर जायला लागली. वर सज्ज्याची कड होती.

"आणि आंबट पदार्थ चुन्याला मारतो, हे तुमच्यासमोर लिंबानं दाखवलं. विसाननं ज्या कुंडीत व्हिनेगर ओतलं, तिथंच हिरवं पान फुटलं. या घरात औषध एकानंच केलं, आणि तोच पिशवी भरून बसलाय."

बुआफानचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला नाव घ्यावं लागलं नाही.

"माझं पाणी," ती म्हणाली. "पीठ चुन्याच्या निवळीत भिजवते मी. मग उरलेली निवळी आणि तळचा गाळ इथून खाली टाकते. रोज. आईही इथूनच टाकायची. खाली कोण बघतं?" ती विसानकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"सज्ज्याखाली मोटरसायकल लावताना अंगावर शिंतोडे उडाले, आई."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बाबा चिडलेले. त्यांच्यापुढे तुमचं नाव कसं घेऊ? कुंड्या सरकवायला गेलो तर बाबा अंगावर आले, हात लावायचा नाही म्हणाले. तुम्हाला पाणी टाकू नका म्हणायचं, तर तुम्ही मोठ्या." तो अडखळला. "या घरात माझ्या तोंडाची चव तुम्हीच विचारता. लहानपणी चुन्यानं हात पोळला की माझी आई व्हिनेगर लावायची. म्हटलं झाडालाही चालेल."

"चालतं, पण पाण्यात घालून," मी म्हणाले. "तू असं जहाल ओतलंस की टोकं करपली. अर्धी बाटली आणखी ओतली असतीस तर इंता खरा ठरला असता."

रिन रडत रडत हसत होती. बुआफाननं जावयाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच हात ठेवून उभी राहिली. सगळं संपलं असं मला वाटलं.

इंता मात्र हसत नव्हता. तो सूर्याकडे बघत होता.

"शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "फळीसमोर. ज्यानं झाडं मारली त्यानं जिना चढायचा नाही. आणि मारली तर... बुआफाननं."

६

रिनचा हात पोटावर गेला.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस शरमेनं मान खाली घालील. पण इंता तो इंता. घसा खाकरून म्हणाला, "असं करू. शब्दात मी 'आज' म्हटलंय, म्हणजे फार नाही, फक्त आजची रात्र तू विहारात झोप. तिथं बायकांची सोय आहे. मी भन्तेंना फोन करतो."

गल्लीत मला फटकळ म्हणतात. त्या क्षणी जे तोंडावर आलं होतं ते मी गिळलं, यावरून माझ्या संयमाची कल्पना यावी.

"थांब," मी म्हणाले. "निकाल मी अजून दिलेला नाही. तुझी झाडं बांबूपाशी होती तेव्हा कशी होती?"

"हिरवीगार!"

"आणि हे पाणी इथं कधीपासून पडतंय? तुझ्या सासूच्या काळापासून. या पट्ट्यात गवत का उगवत नाही, असा प्रश्न तुला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही. कसा पडेल? घरामागं भांडी घासतात, तिथं तुझं काय काम! पाणी आपल्या जागी पडत होतं, इंता. झाडं उचलून त्या पाण्याखाली आणली कुणी?"

"चोरांची भीती होती म्हणून—"

"कुणी आणली?"

तो इकडे तिकडे बघायला लागला. गोल्फ मोबाइलमध्ये घुसला होता.

"मी," इंता म्हणाला. फार हळू.

बुआफाननं हात पुसले. ती बाई आयुष्यभर नवऱ्यापुढे हळू बोलली होती, त्या दिवशीही हळूच बोलली.

"रिनचे बाबा, वरची फळी कुणाच्या पूर्वजांची?"

"तुझ्या."

"आणि घर?"

"तुझ्या आईचं. पण इथं त्याचा काय संबंध?"

"लग्न करून पिशवी घेऊन या घरात कोण राहायला आलं होतं?"

सायपिनला राहवलं नाही. "इंताच आला की!" भिंतीवरून आवाज आला. "फाटकी पिशवी होती! माझी आई सांगायची."

"माझ्या आईनं तुम्हाला कधी परका म्हटलं नाही," बुआफान म्हणाली. "तुमच्या जेवणाला नाकं मुरडली नाहीत. आणि तुम्ही माझ्याच पूर्वजांपुढे उभं राहून, मला न विचारता, माझ्या लेकीच्या नवऱ्याला बाहेर काढायला निघालात. शब्द दिलाय तर पाळा. माझ्या नातवाला त्याचं काही भोवता कामा नये. दिवस मावळला की जिना चढायचा नाही."

इंतानं माझ्याकडे बघितलं. शाळेतही अडकला की तो असाच माझ्याकडे बघायचा. मी केळं खात होते.

दिवस मावळला. इंतानं सज्ज्याखाली, चुन्यानं भाजलेल्या त्या पट्ट्यात चटई पसरली आणि पिवळ्या झाडांच्या रांगेत जाऊन बसला. वरून ताटांचे आवाज येत होते. बुआफाननं विसानला जेवायला हाक मारली, त्याच्या आवडीच्या आंबवलेल्या माशांचा वास खालपर्यंत आला, आणि इंतानं नाकाला रुमाल लावला नाही.

मी चपला घालत होते, तेव्हा विसान मच्छरदाणी काखेत मारून जिना उतरला.

"विसान!" वरून बुआफान ओरडली. "ती मच्छरदाणी वर आण! एक रात्र डास चावले म्हणून कुणी मरत नाही!"

त्या मुलानं सासूचं न ऐकायची ती पहिलीच वेळ. तो खाली वाकला, कुंड्यांमधून वाट काढत सासऱ्याच्या डोक्यावर मच्छरदाणी बांधली, चारही कोपरे चटईखाली नीट खोचले आणि वर गेला.

मी असते तर दिली नसती.